कॉलेजची तीन वर्षं संपली की पर्यावरणाचं काम कुठे जातं? (ठाणे, नवी मुंबई)

निवटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नेरुळच्या एका महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्याकडे निसर्ग मंडळ आहे, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) युनिट आहे आणि दर पावसाळ्यात दोन्हींकडे नाव द्यायला नवी मुलं रांग लावतात. उत्साह भरपूर आहे. तरी एक गोष्ट मला फार डाचते. इथे ठाण्यापासून पनवेलपर्यंतचे बरेच जण आहात, म्हणून मांडते.

दर वर्षी काम पहिल्यापासून सुरू होतं. ५ जूनला झाडं लागतात, पण गेल्या वर्षीची किती जगली हे सांगायला कुणी नसतं, कारण लावणारे पास होऊन गेलेले असतात. खाडीकाठी सफाई होते, भरलेल्या पोत्यांसोबत फोटो निघतात, पण त्या पोत्यांत काय होतं ते कुठेच लिहिलेलं नसतं. दुधाच्या पिशव्या जास्त होत्या की थर्माकोल? कचरा भरतीबरोबर आला की वरच्या नाल्यातून? सगळं कुणाच्या तरी फोनमध्ये राहतं आणि तो मुलगा ग्रुपमधून बाहेर पडला की संपतं.

ह्याची किंमत मला सीवूड्सच्या डीपीएस तलावाच्या वेळी कळली. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलावर चरतात. भरती आली की तो चिखल पाण्याखाली जातो आणि थवे डीपीएस, एनआरआय, टीएस चाणक्य ह्या पाणथळ जागांवर येऊन थांबतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५मध्ये जाहीर झालं, सुमारे १,६९० हेक्टरचं, आणि २०२२मध्ये खाडी रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. पण अभयारण्य कितीही जपलं तरी ह्या बाहेरच्या जागा गेल्या तर भरतीच्या वेळी पक्ष्यांनी उतरायचं कुठे? डीपीएस तलावात खाडीचं पाणी यायच्या वाटा बुजल्या, तलाव कोरडा पडत गेला आणि एप्रिल २०२४मध्ये तिथे फ्लेमिंगो मेले. त्यानंतर आसपासचे रहिवासी, पक्षिनिरीक्षक, विद्यार्थी नेटाने मागे लागले आणि २०२५मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. ह्याचा मनापासून आनंद आहे. पण तलावात कोणत्या महिन्यात किती पाणी असायचं, ते कधीपासून कमी झालं, ह्याची महिनावार नोंद आमच्या मंडळाच्या कपाटात शोधली तर एक ओळ मिळाली नाही. आम्ही तर तलावापासून रिक्षाने दहा मिनिटांवर आहोत.

माझं म्हणणं एवढंच आहे. विद्यार्थ्यांनी एक जागा धरावी, एक तलाव, एक नाला, खाडीचा एक तुकडा, आणि तिची नोंद वर्षानुवर्षं ठेवावी. मोर्चा, पथनाट्य, सह्यांची मोहीम हे सगळं हवंच, पण ते त्या नोंदीच्या जोरावर उभं राहावं. हे टिकवायचं कसं ते सांगा.

---

तलावपाळी

निवटी, धागा काढलास ते बरं केलंस. मी ठाण्यात अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

ठाण्याला आपण तलावांचं शहर म्हणतो. मासुंदा, उपवन, कचराळी, सिद्धेश्वर, रायलादेवी अशी नावं घेत जाऊ तेवढी थोडी. ह्यातल्या कुठल्याही तलावात मासे मरून वर आले की बातमी येते आणि कॉलेजची मुलं दुसऱ्या दिवशी दुपारी बाटलीत पाणी भरून आणतात. त्या पाण्यातून फारसं काही कळत नाही. शेवाळ माजलेल्या तलावात दिवसा उजेडात शेवाळच प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारी पाणी ठीक दिसतं. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरतं आणि सूर्योदयाच्या आधी पाण्यातला प्राणवायू सर्वांत खाली जातो. मासे मरतात ते त्या वेळी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे जलचरांसाठी लिटरमागे ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू तरी हवा. म्हणून नमुना पहाटे घ्यायचा, दर वेळी त्याच जागी, त्याच वेळेला. वेळ बदलली की आधीच्या आकड्यांशी तुलनाच होत नाही.

प्राणवायू मोजायला महागडं यंत्र लागत नाही. विंकलर पद्धतीचं टायट्रेशन बीएस्सीच्या प्रयोगशाळेत होतंच. पाण्याचा गढूळपणा पाहायला वीस सेंटिमीटरची गोल थाळी घ्या, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा, मध्ये खुणा केलेली दोरी बांधा आणि पाण्यात सोडा. थाळी दिसेनाशी झाली ती खोली लिहा. हे आठवीतलं पोरसुद्धा करू शकतं.

गणपतीच्या आधीचे आठवडे आणि नंतरचे आठवडे अशी जोडी करून मोजा. २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं. त्याचा नैसर्गिक तलावाला किती फायदा झाला हे आपल्याच मुलांच्या आकड्यांतून दिसलं तर गणेशमंडळांशी बोलताना सूर वेगळा लागेल. मंडळातली मुलंही आपल्याच वर्गातली असतात.

---

पाणकावळा

+१. पहाटेचा मुद्दा माहीत नव्हता, सर. उद्या विभागात सांगतो.

---

शिबिरवाला

मी एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी आहे, त्यामुळे दुसरी बाजू सांगतो. एनएसएसमध्ये विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं असतं. तास भरायचे, अहवाल द्यायचा, फोटो जोडायचे. एका दिवसात शंभर मुलांना घेऊन उरकणारा कार्यक्रम अहवालात सहज बसतो. चार मुलं दर पंधरा दिवसांनी तलावावर जाऊन दोन तास मोजणी करतात ते दाखवायला जास्त लिहावं लागतं. पण नियमात त्याला अडथळा नाही. ते तास धरता येतात, मी धरतो. कार्यक्रम अधिकाऱ्याला आधी लेखी आराखडा द्या, कोण, कुठे, कधी, म्हणजे त्यालाही वर उत्तर देता येतं.

दुसरं असं की पदवीला पर्यावरणाचा अभ्यास आला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या निकालातून. त्यात मुलं प्रकल्प करतात आणि बहुतेक वेळा इंटरनेटवरून उतरवून चिकटवतात. त्याऐवजी प्रत्येक तुकडीने त्याच तलावाची, त्याच रस्त्याच्या झाडांची पुढची नोंद करायची असं ठरलं, तर माणसं शोधायचा प्रश्न सुटतो. दर वर्षी नवी तुकडी अभ्यासक्रमातूनच मिळते.

---

गुलमोहर_वाशी

विषय चांगला आहे, पण झाडं लावण्याला कमी लेखू नका अशी विनंती. मी पहिल्यांदा निसर्ग मंडळात गेले ती खड्डा खणायलाच. माती हाताला लागल्याशिवाय रजिस्टर भरावंसं वाटत नाही.

---

निवटी

गुलमोहर ताई, मान्य. लावायचंच आहे. फक्त लावलेल्या प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन त्याचं पुढचं लिहायचं.

---

दिवाळेकर

मी दिवाळे गावचा, घरचा धंदा मासेमारीचा. कॉलेजची मुलं आमच्या बाजूला येतात, चांगली असतात, मन लावून काम करतात. दोन गोष्टी सांगायच्या आहेत, राग मानू नका.

पहिली गोष्ट कांदळवन लावायच्या कार्यक्रमांची. ओहोटीला जो उघडा चिखल दिसतो ती रिकामी जागा नाही. निवट्या (चिखलावर राहणारे छोटे मासे) तिथे, चिंबोरी तिथे, पाखरं तिथेच चरतात. त्या चिखलात रोपं खोचली आणि ती जगली तर पाखरांची चरायची जागा गेली. ठाण्याच्या खाडीत तिवर, म्हणजे कांदळवनातलंच एक झाड, मुळातच जास्त आहे आणि तिवराचं बी भरतीच्या पाण्याबरोबर जाऊन आपापलं रुजतं. जिथे भराव टाकून पाणी अडवलंय तिथली वाट मोकळी केली तर खाडी आपली झाडं आपण लावते. तुम्ही मुलं ती वाट कुठे अडली आहे ते शोधा. आणि चिखलातून वर आलेली टोकं तुडवू नका. ती झाडाची श्वास घ्यायची मुळं आहेत. मोठा गट एकाच जागेतून ये-जा करतो तिथे ती मोडून पडतात.

दुसरी गोष्ट वेळेची. सफाईला मुलं सकाळी येतात आणि समोर भरती. मग काठावर उभं राहून परत जातात. आमच्याकडे जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला, पौर्णिमा-अमावास्येला बारा धरायचे. खाडीत आतवर पाणी थोडं उशिरा पोचतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. चिखलात काम करायचं तर अष्टमीच्या आसपासची दुपार बघा. पाखरं मोजायची असतील तर पौर्णिमा नाहीतर अमावास्येची दुपार. तेव्हा उधाण असतं, सगळा चिखल झाकला जातो आणि पाखरं तलावावरच सापडतात.

---

निवटी

दिवाळेकर दादा, हे सोनं आहे. महिन्यातून दोनदा, पौर्णिमेला आणि अमावास्येला दुपारी मोजणी, हे वेळापत्रकच झालं. ते कुणी नव्याने ठरवायला नको, कॅलेंडरवर छापलेलंच आहे. कांदळवन लागवड यंदाच्या प्रस्तावात आहे, ती काढून पाण्याच्या वाटांची पाहणी घालते. गावातल्या जुन्या माणसांशी बोलायला आम्ही आलो तर चालेल का? कुठून कुठे पाणी जायचं हे त्यांच्याकडूनच कळेल.

---

दिवाळेकर

या की. फक्त होळीच्या आणि नारळी पौर्णिमेच्या गडबडीत नको.

---

सानपाड्याची_आई

माझी मुलगी अकरावीत आहे आणि तिला ह्या सगळ्याची फार ओढ आहे. मला कौतुक आहे, पण भीतीही वाटते. मुंबईत आरेला मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडली त्या वेळी मुलांना अटक झाली ते टीव्हीवर पाहिलं होतं. उद्या गुन्हा दाखल झाला तर नोकरी, पासपोर्ट, सगळ्याला अडचण. आईबापांनी काय करावं?

---

कलम_एकवीस

ताई, तुमची काळजी रास्त आहे. वकिलीच्या अनुभवातून लिहितो.

आरेत ४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री झाडतोड सुरू झाली. विरोध करणाऱ्यांपैकी २९ जणांना अटक झाली, त्यांत विद्यार्थी होते. पुढे राज्य सरकारने ते गुन्हे मागे घ्यायचं जाहीर केलं. पण त्याच वेळी विधी शाखेच्या एका विद्यार्थ्याने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं आणि ७ ऑक्टोबरला पुढची तोड थांबवली. तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. ह्यातून मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांना एकच सांगतो, कुऱ्हाड पडायच्या आधी जागे व्हा. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्ष कायद्यानुसार झाड तोडायच्या परवानगीआधी सूचना प्रसिद्ध करावी लागते आणि झाडावर नोटीस लावावी लागते. मुदतीत लेखी हरकत घ्यायला कुणाला पोलीस धरत नाहीत. ती नोटीस वाचणारं मात्र कुणीतरी हवं, आणि रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या विद्यार्थ्यांइतकं जवळ दुसरं कोण आहे?

२०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आली. आता नवी मुंबईचा विचार करा. हे शहर वसवणारी सिडको १९७०ची. म्हणजे वाशी-नेरुळच्या रस्त्यांवरचे पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, गुलमोहर हे शहरासोबत वाढलेले, त्यातले सगळ्यांत जुने आत्ता कुठे पन्नाशीला येतायत. त्यांच्या वयाचा पुरावा कोण देणार? जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजून ठेवा, त्या सेक्टरमध्ये पहिल्यापासून राहणाऱ्या लोकांकडून जुने फोटो मिळवा, मागे इमारत दिसणारा फोटो असेल तर उत्तमच. माझ्या मते नवी मुंबईच्या मुलांसाठी ह्याच्याइतकं मोलाचं काम आज दुसरं नाही.

कांदळवनांचंही तसंच. ६ ऑक्टोबर २००५च्या आदेशाने उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला आणि त्यांच्या ५० मीटर परिसरात बांधकामाला बंदी घातली, २०१८च्या निकालात ते आणखी पक्कं केलं. कायदा आहे. तक्रार कच्ची पडते ती जागा, तारीख आणि आधीचं चित्र नसल्यामुळे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. तारखेनिशी प्रश्न विचारला तर उत्तरही तारखेनिशी मागता येतं.

ताई, मुलीला एवढं मात्र नक्की सांगा. रात्री डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) टाकणाऱ्या गाड्यांना अडवायला जायचं नाही, एकटीने बांधावर जायचं नाही, वाद घालायचा नाही. लांबून, दिवसा, चौघींनी मिळून, तारीख-वेळ-ठिकाणासह फोटो. बाकीचं आम्ही मोठ्यांनी करायचं.

---

सानपाड्याची_आई

मनापासून आभार. हे तिला वाचून दाखवते. चौघींच्या गटासोबत मी स्वतःही जाईन.

---

घोडबंदरकर

मी रोज घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकतो, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. ठाणे-बोरिवली जोडबोगदा हवा, मेट्रो हवी. विद्यार्थ्यांनी सरसकट प्रत्येक प्रकल्पाला नाही म्हणू नये.

---

येऊरकर

घोडबंदरकर, तुमचा त्रास खरा आहे, मीही त्याच रस्त्यावर असतो. पण तो मार्ग जोडरस्ते धरून सुमारे ११.८ किलोमीटरचा आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारा. खोदलेली माती कुठे पडणार, मोबदल्यात लावलेली झाडं कोणत्या गावात आहेत, ती जगली का, येऊरच्या पाड्यांवरच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यात काय होती आणि काम सुरू झाल्यावर काय झाली, हे विचारणं म्हणजे नाही म्हणणं नव्हे. विहिरींची पातळी तर दोरी आणि वजन घेऊन मोजता येते. आधीची पातळी मात्र आधीच मोजावी लागते, नंतर ती कुठूनही मिळत नाही.

---

घोडबंदरकर

हे पटलं. विहिरींचं कुणी करणार असेल तर सुट्टीच्या दिवशी माझी गाडी वापरा.

---

कळव्याची_ओवी

मी बीएला आहे, विषय मराठी. हे सगळं विज्ञानवाल्यांचंच आहे असं वाटू नये म्हणून लिहिते.

मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरण परवानगीआधी जनसुनावणी होते. २००६च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या (ईआयए) अधिसूचनेप्रमाणे तिची किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि प्रकल्पाच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. तो सारांश असतो, पण वाचतो कोण? भाषा इतकी जड असते की गावातली माणसं दोन पानांतच सोडून देतात. २०२०मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आला तेव्हा तो इंग्रजी आणि हिंदीतच होता, आणि दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्येही तो द्या. त्या काळात देशभर विद्यार्थ्यांनी हरकतींचे ईमेल पाठवले. त्या मोहिमेतल्या एका गटाचं संकेतस्थळही काही काळ बंद पडलं होतं. हे मला फार लागलं. ज्याच्या दारात प्रकल्प येणार त्याला तो त्याच्या भाषेत कळायलाच हवा.

म्हणून आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांचं काम आहे ते असं. सारांश घ्यायचा, साध्या मराठीत दोन पानं करायची, गावात देवळाच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचं, लोक जे प्रश्न विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे आणि सुनावणीत द्यायचे. सोबत म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, खाडीत कुठे कोणती मासळी मिळायची, कोणत्या बांधाला उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) होती. दिवाळेकर दादांनी वर जे सांगितलं ते कुठल्या अहवालात आहे?

---

निवटी

ओवी, तू आमच्यात ये. पाण्याच्या वाटांची पाहणी तुमच्याशिवाय होणारच नाही.

सगळ्यांचे खूप आभार. आता कामं दिसायला लागली. मूळ प्रश्न मात्र उरलाच आहे. मी मे महिन्यात बाहेर पडेन. ही वही कुणाच्या हातात द्यायची? पुढच्या सचिवाकडे दिली तर तो गेल्यावर काय?

---

पोथीशाळा

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. ह्याचं उत्तर आमच्याकडे आहे असं वाटतं.

वही कुणाच्याही हातात देऊ नका, ग्रंथालयात दाखल करा. प्राचार्यांच्या सहीने पत्र द्या की हे नोंदपुस्तक ग्रंथालयाच्या संग्रहात घ्यावं. एकदा त्याला दाखल क्रमांक मिळाला की ते संस्थेची मालमत्ता होतं. साठा पडताळणीत ते जागेवर आहे की नाही हे कुणीतरी बघतंच, नसेल तर ग्रंथपालाला उत्तर द्यावं लागतं. मंडळ बंद पडलं, सचिव गेला, प्राध्यापक बदलून गेले तरी पुस्तक राहतं. वर्ष संपलं की स्कॅन करून प्रत संगणकावर ठेवायची आणि एक प्रत जवळच्या दुसऱ्या महाविद्यालयाला द्यायची, म्हणजे पाऊस, वाळवी, काहीही झालं तरी एक राहील.

मुलांना ते संदर्भग्रंथासारखं तिथेच बसून भरायला द्यायचं. मोजणीच्या जागेवर साधी वही न्या आणि त्याच दिवशी परत येऊन मोठ्या पुस्तकात उतरवा. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर आकडा आणि सही. पाच-सात वर्षांनी कुणी अभ्यासक ते मागायला आला तर त्याला ते विश्वासाने वापरता येईल. कागद घेताना चांगला घ्या, बॉलपेन काळ्या शाईचं वापरा.

---

कलम_एकवीस

दाखल क्रमांकाची कल्पना फार मोलाची आहे. अशी सलग, खाडाखोड नसलेली, संस्थेच्या ताब्यातली नोंद समोर ठेवली तर समितीपुढे किंवा न्यायालयात तिला वजन येतं.

---

शिबिरवाला

प्राचार्यांच्या पत्राचा मसुदा मी करून इथे टाकतो. ज्यांना हवा त्यांनी नाव बदलून वापरावा.

---

तलावपाळी

रकान्यांत हवामान, तिथी आणि शेवटचा पाऊस कधी झाला हे जरूर घ्या. पाऊस पडून गेला की पाण्याचे सगळे आकडे बदलतात.

---

निवटी

रकाने असे धरते आहे: तारीख, तिथी, वेळ, भरती की ओहोटी, जागेचा क्रमांक, पाण्याची खोली, पाणी येण्याची वाट उघडी की बंद, पक्षी (जात आणि संख्या), शेवटचा पाऊस, फोटो क्रमांक, नोंदवणाऱ्या दोघांच्या सह्या. काही राहिलं असेल तर सांगा. पहिली मोजणी येत्या अमावास्येला दुपारी साडेअकरापासून दीडपर्यंत, सीवूड्स स्टेशनच्या बाहेर अकराला भेटू. पाणी, टोपी, दुर्बीण असेल तर दुर्बीण.

---

दिवाळेकर

मी येतो. पाणी बाराच्या थोडं पुढे भरेल, त्या आधी तलावाच्या खाडीकडच्या अंगाला जाऊ, जुनी वाट कुठे होती ती दाखवतो.